बिडाचा पाट

घरोघरच्या जुन्या सामानाच्या सेलला जाणाऱ्या माणसाने सगळ्यात आधी नाक मुरडायला शिकावं. हवी ती वस्तू दिसली की तिच्याकडे पाठ करायची. शेजारी जे काही गंजकं पडलं असेल ते उचलून ‘वा, काय चीज आहे’ म्हणायचं, आणि निघता निघता, आपल्याला काही पडलेली नाही अशा सुरात, हव्या वस्तूला चपलेने ढोसून विचारायचं, हे काय मध्येच ठेवलंय? विकणारा ओशाळतो. न्या हो, जागा तरी मोकळी होईल, म्हणतो. एवढी साधी विद्या, पण ती जन्मात न जमणारी माणसं पैशाला पासरी. मनातली वस्तू दिसली की त्यांचे डोळेच चहाडी करतात. मग दुप्पट भाव देतात आणि घरी जाऊन सांगतात, फुकटात मिळालं.

पारखीला ही विद्या अशी साधली होती की तो फाटकातून आत आला की निम्म्या सेलवाल्यांना आपला माल आपोआप टाकाऊ वाटायला लागायचा. पारखी हे अर्थात टोपणनाव. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर होतं. जुनी अवजारं पारखणारा म्हणून लोकांनी ते ठेवलं आणि त्याने ते मुकाट्याने घेतलं, कारण ते खोटं नव्हतं. रंध्याची पोलादी पात उन्हात धरून ती कुठे मऊ पडलीय ते तो सांगायचा. कानशीवरून नुसतं नख फिरवून तिच्यात किती जीव उरलाय ते सांगायचा. आणि सांगताना समोरच्याला बरं वाटावं म्हणून एक शब्द गोड बोलायचा नाही. ‘पारखी म्हणाला’ म्हटलं की सेलमधल्या वादावर पडदा पडायचा. माणूस कडू आहे पण खोटं बोलत नाही, असा त्याचा लौकिक होता. भाव पाडायला तो जे बोलायचा ते खोट्यात धरायचं नसतं, असं त्याचं स्वतःचं मत होतं.

सेलला येणाऱ्या जमातीविषयी तर त्याचं मत विचारूच नये. एकजण खिशात लोहचुंबक घेऊन यायचा आणि हातोडीला लावून बघायचा. एकजण दर शनिवारी एक मोजपट्टी विकत न्यायचा, कारण घरातल्या आधीच्या चाळीस सापडत नसत. काही नुसतेच फोटो काढून कोणाला तरी पाठवत आणि उत्तर येईपर्यंत वाटेत उभे राहत. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे दातांचा डॉक्टर. त्याने आपल्या दवाखान्याच्या भिंतीवर एक्केचाळीस रंधे टांगले होते आणि त्यातल्या एकानेही त्याच्या घरी लाकूड पाहिलं नव्हतं. पारखी ज्याला हात लावील ते विकत घ्यायचं, एवढाच त्या डॉक्टरचा अभ्यास. शनिवारी सकाळी तो पारखीच्या मागे मागे फिरायचा आणि पारखीला पाठीवर माशी बसल्यासारखं व्हायचं.

पण गेले दोन महिने पारखी सेलला जात होता तो मजेसाठी नव्हे. आता गाठ पोटाशी होती.

त्याचा धंदा झिजलेली यंत्रं पुन्हा सरळ करण्याचा. यंत्राचे सरकणारे भाग वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून मधे खोलगट होतात, आणि मग त्या यंत्रावर केलेलं कामही वाकडंच उतरतं. पारखी ते भाग हाताने खरवडून सपाट करायचा, केसाहून बारीक थर काढत काढत. पण सपाट झालं की नाही हे कळायला आधी एक खात्रीने सपाट असलेली वस्तू जवळ लागते. ती वस्तू म्हणजे पाट. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, दीड फुटी पाट, खालून फासळ्यांचा आणि वरून तंतोतंत सपाट. त्याला निळा रंग फासायचा, कामावर टेकवायचा, आणि जिथे जिथे निळं उमटेल तिथे उंचवटा आहे असं समजून खरवडायचं. पाट खरा तर काम खरं. पाटच खोटा असेल तर त्या कारागिराने दुसरा धंदा बघावा.

पारखीचा पाट त्याच्या मेहुण्याने संपवला होता. चार दिवस राहायला म्हणून आलेल्या या माणसाला हात रिकामे ठेवता येत नसत आणि कामाला लावताही येत नसत. पारखी बाहेर गेलेला असताना त्याने फाटकाची वाकलेली बिजागरी सरळ करायची ठरवली. ठोकायला खाली काहीतरी जड आणि सपाट हवं होतं, आणि त्या घरात त्या पाटाइतकं जड आणि सपाट दुसरं काय असणार? त्याने बिजागरी पाटावर ठेवली आणि घण उचलला. पारखी घरी आला तेव्हा पाटाला मधोमध तीन खड्डे होते, एका कोपऱ्याला चीर होती, आणि बिजागरी होती तशीच वाकडी होती.

तेव्हापासून काम बंद. दोन गिऱ्हाइकं वाट बघून दुसरीकडे गेली. तिसरा, छापखान्याचा मालक, पुढच्या आठवड्यापर्यंत थांबतो म्हणाला होता, आणि ते काम गेलं तर पारखीवर कुठल्यातरी कारखान्याच्या दारात पहारेकरी म्हणून बसायची वेळ येणार होती. चांगला नवा पाट घेण्याची ऐपत नव्हती. दुकानातला स्वस्त पाट त्याने एकदा तपासून पाहिला आणि दुकानदाराला म्हणाला, याच्यावर इस्त्री करा. म्हणून दर शनिवारी तो हात खिशात घालून, तोंड वाकडं करून, शहरभर पाट शोधत होता.

आणि एका शनिवारी सेल निघाला तो वस्तादांच्या घरी.

वस्तादांच्या हाताखाली पारखी चौदा वर्षं घासला होता. खरवडणीत त्यांच्या नखाची सर शहरात कोणाला नव्हती, पारखीलाही नाही, आणि हे तो स्वतःशी कबूल करायचा. पण अकरा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकासमोर त्याने वस्तादांनी पुरं केलेलं काम तपासलं आणि तोंडावर सांगितलं की या कोपऱ्यात उतार आहे. वस्तादांनी त्याला तिथल्या तिथे दार दाखवलं. उतार होताच. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो गुपचूप काढला, हेही पारखीच्या कानावर आलं. पण आधी जायचं कोणी? दोघेही एकाच ओतकामातले. अकरा वर्षं एकाच शहरात राहून एकमेकांना टाळत राहिले. तीन महिन्यांपूर्वी वस्ताद गेले तेव्हा पारखी अंत्यविधीला मागे उभा राहिला आणि त्यांच्या लेकीशी एक शब्दही न बोलता परत आला.

सेलच्या दिवशी तो साडेसातलाच फाटकाशी होता. चुंबकवाला त्याच्याही आधी आलेला. आठ वाजता वस्तादांच्या लेकीने मागची कार्यशाळा उघडली. लांबट खोली, जाळीच्या खिडक्या, खिडकीखाली टेबल, टेबलाला काम पकडून ठेवायचा तोच जुना शेगडा, ज्यात पारखीने पहिल्या वर्षी दोन नखं गमावली होती. कानशी अजून लांबीप्रमाणे लावलेल्या होत्या. लेकीने प्रत्येक वस्तूवर भावाची चिठ्ठी चिकटवली होती, आणि त्या चिठ्ठ्या वाचून पारखीला हसावं की रडावं ते कळेना. झिजलेल्या हातोडीला भलताच भाव, आणि ज्या मापाने वस्ताद केसाची जाडी मोजत ते खेळण्याच्या भावात. लोक मात्र हातोड्यांवरच तुटून पडले होते. गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणून तो सरळ आतल्या कोपऱ्याकडे गेला.

टेबलाच्या टोकाशी, खाली, एका बसक्या घडवंचीवर लाकडी झाकण घातलेलं काहीतरी होतं. त्यावर चिठ्ठी नव्हती. पारखीने झाकण उचललं आणि तो खाली वाकला.

पाट होता, आणि नवा होता. म्हणजे बीड जुनं, पण खरवडणी ताजी, वर्षाच्या आतली. तेलाचा हात दिलेला, गंजाचा ठिपका नाही. वर खरवडणीने उमटलेल्या बारीक बारीक चंद्रकोरींच्या रांगा, एक रांग डावीकडे झुकलेली, दुसरी उजवीकडे. ही वस्तादांची खोड. पारखीने तळवा टेकवला. मग खिशातली पोलादी पट्टी काढली, पाटावर उभी धरली, डोळा खाली नेला आणि खिडकीच्या उजेडाकडे पाहिलं. पट्टीखालून उजेडाची रेघ दिसेना. आडवी धरली, तिरकी धरली, चारही कोपरे पाहिले. कुठेच दिसेना. सत्त्याहत्तराव्या वर्षी म्हाताऱ्याने हे केलं होतं. पारखीला एकदम भरून आलं, आणि त्याचा त्याला रागही आला.

एवढ्यात मानेपाशी कोणाचा तरी श्वास लागला. दातांचा डॉक्टर. काय सुंदर नक्षी आहे हो, तो म्हणाला. याच्यावर काच टाकली तर दवाखान्यात मासिकं ठेवायला छान टेबल होईल. हे हवंच, म्हणून तो चिठ्ठी शोधायला लागला. पाटाला टेबल म्हणणाऱ्या माणसाच्या खिशात मात्र तो पाट दहादा विकत घेण्याइतके पैसे होते.

पारखीने झाकण धाडकन लावलं. पुढचं सगळं त्याने विचार करून केलं असं म्हणणं त्याच्यावर अन्याय होईल. वीस वर्षांची सवय होती, ती चालू झाली. तोंड आपोआप वाकडं झालं. नक्षी कसली, तो म्हणाला, हात थरथरल्याच्या खुणा आहेत त्या. हे घेऊन जाल तर लोक हसतील तुम्हाला.

डॉक्टरचा हात मागे आला. आणि नेमकी त्याच वेळी वस्तादांची लेक गर्दीतून वाट काढत तिथे आली. चाळिशीची बाई, शाळेत शिकवणारी, बापासारखंच रुंद कपाळ. तिने पारखीला ओळखलं. आलात दादा, म्हणाली, मला वाटलंच होतं तुम्ही याल. मग तिने झाकणाकडे पाहिलं, आणि जरा अडखळत विचारलं, "दादा, हा पाट कसा आहे हो?"

आता विकणारी बाई खरेदीदाराला वस्तू कशी आहे म्हणून विचारते, तेव्हा ती भाव काढत असते, हे सेलमध्ये शेंबड्या पोरालाही कळतं. चांगला आहे म्हटलं की संपलं. शिवाय डॉक्टर कान टवकारून अजून तिथेच उभा होता. पारखीने पाटाकडे न बघता उत्तर दिलं.

"वाकडा आहे," तो म्हणाला. "चांगलाच वाकडा आहे. वय झालं होतं त्यांचं. हात राहिला नव्हता."

"नीट बघितलात?"

"यात बघायचं काय? लांबून कळतं. दार वाऱ्याने आपटत असेल तर अडवायला ठेव."

तिचा चेहरा उतरला. पारखीने तो पाहिला, आणि भाव उतरला असा त्याचा अर्थ घेतला. तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असेल, ती म्हणाली. डॉक्टर केव्हाच हातोड्यांकडे निघून गेला होता.

पण विद्या पुरी करायला हवी होती. पारखी दुसऱ्या फळीशी गेला. तिथे पान्यांचा एक संच होता, लाल पत्र्याच्या पेटीतला, आरशासारखा चकचकीत. कुठल्यातरी व्यापाऱ्याने वस्तादांना भेट दिला असणार, कारण तो कधी उघडलेलाच नव्हता. ते पाने असे होते की घट्ट बसलेल्या नटाला लावले तर नट जागचा हलत नाही, पान्याचंच तोंड फाकतं. पारखीने पेटी दोन्ही हातांनी उचलली आणि लेकीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला की खरी चीज ही, बाकी सगळा कचरा. मग पेटीही खाली ठेवली आणि काही न घेता निघाला.

काही न घेता निघायचं यातही हिशोब होता. सेलमध्ये चारच्या सुमाराला जे उरतं ते विकणाऱ्याला नकोसं झालेलं असतं. आवरायचं असतं, पाय दुखत असतात, आणि कोणी उचलून नेलं तर तेच उपकार वाटतात. पाट त्याने डॉक्टरच्या डोळ्यांतून उतरवला होता, लेकीच्याही मनातून उतरवला होता. चारला जायचं, तोंड वाकडं करायचं आणि घेऊन यायचं.

घरी तो शीळ वाजवत आला. बायकोने विचारलं तेव्हा सगळं सांगितलं, जरा चढवूनच. ती ऐकत होती. वस्तादांच्या लेकीजवळ सरळ मागितला असता तर तिने नाही म्हटलं असतं का, असं तिने विचारलं. पारखीने तिला समजावलं की मागितलं की भाव चढतो, ही व्यवहाराची गोष्ट आहे, तिच्या भावाला आणि तिला ती कळायची नाही. त्यावर ती एवढंच म्हणाली की मेलेल्या माणसाला नावं ठेवून मिळवलेली वस्तू तिला तरी घरात नको होती. पारखी जेवला, पाटासाठी टेबलावर जागा केली, छापखान्याच्या मालकाला फोन करून सोमवारी काम सुरू करतो असं कळवलं, आणि साडेतीनला गोणपाट घेऊन निघाला.

कार्यशाळा जवळजवळ रिकामी झाली होती. लेक झाडत होती. घडवंची होती, झाकण भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, आणि पाट नव्हता.

पारखीने आधी खोलीभर नजर फिरवली. मग जमेल तितक्या सहज विचारलं की इथे तो जड पाट होता, तो कोणी नेला?

"भंगारवाल्याला दिला," ती म्हणाली.

डॉक्टरचं नाव ती घेईल असंच त्याने धरलं होतं. हे उत्तर त्याच्या डोक्यातच नव्हतं. दिला म्हणजे? तिने केरसुणी टेबलाला टेकवली आणि हात पुसले.

"दादा, खरं सांगू का? तो विकायला नव्हताच. तुमच्यासाठी ठेवला होता. बाबांनी सांगितलं होतं, हा त्याला द्यायचा, पैसे घ्यायचे नाहीत, आणि देताना काही बोलायचंही नाही, फक्त कसा आहे ते विचारायचं. म्हणून मी विचारलं सकाळी."

पारखीने रिकाम्या घडवंचीकडे पाहिलं.

"मग तुम्ही म्हणालात वाकडा आहे. म्हटलं, आता हा तुम्हाला कसा देऊ? तुमच्या घरी पडून राहणार, तुम्ही रोज बघणार, आणि म्हाताऱ्याचा शेवटी हात गेला होता हेच रोज आठवणार. त्यापेक्षा नकोच. दुपारी भंगारवाला आला, त्याला म्हटलं आधी हे उचल." ती जरा हसली. "पण तुम्हाला रिकाम्या हाताने पाठवणार नाही. बाबांची आठवण म्हणून हे घ्या. तुम्हाला आवडला होता ना."

तिने टेबलाखालून लाल पेटी काढली. डॉक्टर मागत होता, तरी दिली नाही, म्हणाली. वर वर्तमानपत्र गुंडाळून तिने ती सुतळीने नीट बांधलेली होती.

खरं बोलायची वेळ हीच होती. पण पारखीच्या डोक्यात अजून हिशोब चालू होता. भंगारवाल्याला गाठायचं, वजनाच्या भावाने पाट सोडवायचा, घरी न्यायचा. मग हिला काही कळायची गरजच नाही. सहा महिन्यांनी केव्हातरी सांगू की थोडा खरवडला आणि सरळ झाला. त्याने पेटी काखोटीला मारली, कोणता भंगारवाला ते विचारलं, आणि तिने नाक्यावरचा म्हणताच चालायला लागला. फाटकाबाहेर आल्यावर तो धावला. पंचावन्न वर्षांचा माणूस, काखेत पाने खुळखुळताहेत आणि खांद्यावर गोणपाट, भर रस्त्यातून धावत होता. ज्यांना तो शनिवारी हसायचा त्यांतल्या कोणी पाहिलं असतं तर त्यांचं आयुष्यभराचं समाधान झालं असतं.

भंगारवाल्याच्या आवारात बिडाचा ढीग वेगळा होता. बीड तो अख्खं ठेवत नसे. भट्टीवाले अख्खं घेत नाहीत, फोडूनच द्यावं लागतं, हे काल मिसरूड फुटलेल्या शिकाऊ पोरालाही कळतं, पारखीला तर नीटच माहीत होतं, पण धावताना त्याने ते मनात येऊ दिलं नव्हतं. पाट ढिगावरच होता. दोन तुकड्यांत होता, शिवाय एका कोपऱ्याचा चुरा. घण बाजूला टेकवलेला. भंगारवाला चहा पीत बसला होता. फार चिवट निघाला, म्हणाला. असलं बीड हल्ली येत नाही, सात घाव लागले.

पारखीने मोठा तुकडा उचलून सिमेंटच्या कट्ट्यावर ठेवला. खिशातली पट्टी काढून त्यावर उभी धरली. पट्टीखालून उजेड दिसला. घणाच्या दणक्यांनी तुकडा पिळवटला होता. त्याने जागा बदलून पाहिली, पट्टी पुसून पाहिली, पुन्हा धरली. उजेड दिसतच राहिला, सकाळी जिथे कुठेच नव्हता तिथे सगळीकडे. भंगारवाल्याने विचारलं की काय बघताय, वाकडा आहे का? पारखी म्हणाला, हो.

छापखान्याचं काम गेलं, हे त्याला तिथेच कळलं. ते कळून झाल्यावरही तो तिथून हलेना, कारण त्याला कार्यशाळेतली ती झाडणारी बाई दिसत होती. तिने अर्धा दिवस आपल्या बापाला कच्चा ठरवण्यात घालवला होता. आणि ज्याच्या सांगण्यावरून घालवला, तो खोटारडा होता. आजवर त्याने हा शब्द कितीजणांना सहज फेकून मारला होता. आता तो स्वतःला लावून पाहिला आणि तो चपखल बसला. त्याने तुकडा गोणपाटात घातला, खांद्यावर टाकला आणि परत फिरला. वजन पंधरा किलोच्या वर होतं. चढावर दोनदा त्याला ते खाली ठेवावं लागलं.

लेक कार्यशाळेला कुलूप लावत होती. त्याने गोणपाट पायरीवर सोडलं, काखेतली लाल पेटी शेजारी ठेवली, आणि श्वास जागेवर यायच्या आतच बोलला, नाहीतर बोलला नसता.

"पाट सरळ होता. मी सकाळी खोटं बोललो."

तिने कुलपातली किल्ली काढली. त्याने मग सगळं सांगितलं. पट्टी लावून पाहिली होती, कुठे रेघही नव्हती. डॉक्टर घेईल अशी भीती वाटली. तू भाव वाढवशील असं वाटलं. माझा पाट गेलाय, काम बंद आहे, मला तो हवा होता. सेलमध्ये असंच बोलतात. हे शेवटचं वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर त्याला स्वतःची शिसारी आली.

तिने खाली वाकून गोणपाट बाजूला केलं. तुकड्यावरच्या बारीक कोरींवरून बोट फिरवलं आणि पायरीवर बसली.

"वर्षभर खरवडत होते ते," ती म्हणाली. "दर पंधरा दिवसांनी मी गाडीत घालून हा तंत्रशाळेत न्यायचे, तिथल्या पाटावर तपासायला. तिथला मास्तर दर वेळी म्हणायचा, छान झालाय वस्ताद, फारच छान. बाबा परत येताना म्हणायचे, त्याला सगळंच छान दिसतं. मला विचारायचे, सरळ असेल का गं? मी म्हणायचे, बाबा, मला यातलं काय कळतंय. मग म्हणायचे, तो येईल एकदा. अख्ख्या शहरात तो एकटाच तोंडावर खरं सांगतो."

पारखीला खाली बसावंसं वाटलं, पण तिच्या शेजारी बसायची त्याला लाज वाटली. तो उभाच राहिला.

"सरळ होता तो," तो पुन्हा म्हणाला. "माझ्या हातून आजवर झाला नाही इतका. तुझी शपथ."

तिने वर पाहिलं. रडत नव्हती ती. वर्गात मुलाचं उत्तर ऐकून घ्यावं तसं तिने त्याचं ऐकून घेतलं होतं.

"सकाळी म्हणालात वाकडा आहे, मी विश्वास ठेवला. आता म्हणताय सरळ होता. हे तरी खरं कशावरून, दादा? मला बरं वाटावं म्हणून म्हणत नसाल कशावरून?"

पारखीने खिशात हात घातला. पट्टी बोटांना लागली. पाट सरळ होता हे आत्ता या घडीला सबंध शहरात त्याला एकट्यालाच माहीत होतं, आणि पट्टी लावून दाखवण्याजोगं आता काहीच उरलं नव्हतं. त्याने हात तसाच रिकामा बाहेर काढला. मग ती उठली, लाल पेटी उचलून तिने त्याच्या हातात दिली, आणि अर्धा पाट ओढत ओढत घरात घेऊन गेली.